पियानो ट्यूनिंगची बॅग कशी घ्यायची आणि आत काय कुठे लावायचं (नाशकात स्कूटरवर फिरणाऱ्यांसाठी)

बॅग घ्यायला निघायच्या आधी घरी एक जुनी चादर अंथरा आणि सगळी हत्यारं त्यावर काढा. आता त्यांचे ढीग करायचे, पण सगळे स्क्रूड्रायव्हर इकडे आणि सगळ्या पकडी तिकडे असं करू नका, कामाप्रमाणे करा. नुसत्या ट्यूनिंगला काय लागतं तो एक ढीग, तार तुटली तर काय लागतं तो दुसरा, पियानोची पट्टी (बोटाने दाबायची ती) अडकली तर काय लागतं तो तिसरा, रेग्युलेशनचं, म्हणजे पट्ट्यांची आणि आतल्या यंत्राची चाल जुळवायचं सामान चौथा. बहुतेक लोक उलटं करतात, आधी ऑनलाइन फोटो बघून चकाचक ॲल्युमिनियमची केस मागवतात, मग त्यात सगळं कोंबतात आणि मग ती केस तिसऱ्या मजल्यावर चढवताना देव आठवतो.

आपल्याकडे प्रॉब्लेम असा आहे की पियानो थोडे आणि विखुरलेले. देवळाली कॅम्पातला एखादा जुना बंगला, कुठल्या शाळेचा हॉल, एखादं चर्च, गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये पोरांसाठी घेतलेला अपराइट (उभा पियानो), मध्येच इगतपुरी नाहीतर सिन्नरकडचं बोलावणं. मुंबईत एखादी वस्तू राहिली तर धोबी तलावला फुर्टाडोजपर्यंत चक्कर मारता येते, आपल्या आणि त्या दुकानाच्या मध्ये कसारा घाट आहे. म्हणजे बॅगेत सगळं पाहिजे, आणि बॅग स्कूटरवर मावली पण पाहिजे. या दोन गोष्टी एका बॅगेत बसत नाहीत हे एकदा मान्य केलं की पुढचं सगळं सोपं होतं. बॅगा दोन करायच्या. एक रोजची, खांद्यावर मावणारी, ट्यूनिंग आणि बारीकसारीक दुरुस्तीची. दुसरी मोठी, जी घरी तयार भरलेली असते आणि आधीच माहीत असलेल्या मोठ्या कामाला किंवा गावाबाहेर जाताना सोबत घ्यायची. रोजची बॅग माझ्या मते सहा-सात किलोच्या वर जाऊ देऊ नये, घरच्या वजनकाट्यावर ठेवून बघा, अंदाजाने सांगू नका, अंदाज नेहमी कमीच निघतो.

आता बॅग कसली. ॲल्युमिनियमची अटॅचीसारखी केस, आत पॅलेटवर हत्यारं लावलेली, ती उघडली की एकदम डॉक्टर आल्यासारखं वाटतं खरं, पण ती पूर्ण आडवी उघडायला जमिनीवर जागा लागते आणि फ्लॅटमध्ये पियानो, सोफा आणि टीपॉय यांच्या मध्ये ती जागा नसते. शिवाय तिचे कोपरे टोकदार, कुणाच्या पियानोच्या पॉलिशला घासली तर संपलं. कार असेल तर घ्या, नसेल तर नाद सोडा. पेलिकनसारखी वॉटरप्रूफ प्लास्टिकची केस पावसाला जबरदस्त पण रिकामीच इतकी जड असते की हत्यारं घालायच्या आधीच अर्धं वजन झालं. ट्रॉली बॅग म्हणाल तर पंचवटीतल्या जुन्या वाड्यांचे जिने चढून बघा एकदा, आणि पावसाळ्यात चाकांना लागलेला चिखल कुणाच्या पांढऱ्या टाइल्सवर उमटवून बघा.

स्कूटरवाल्यांसाठी दोनच प्रकार चालतात असं माझं मत. एक म्हणजे इलेक्ट्रिशियन लोकांची टूल बॅकपॅक, पण ती अशी घ्या की पुढची बाजू पुस्तकासारखी पूर्ण उघडते, वरून तोंड असलेली घेतलीत तर लहान वस्तू तळाला जातात आणि प्रत्येक वेळी हात कोपरापर्यंत घालून चाचपडत बसावं लागतं. सातपूर-अंबडकडे इंडस्ट्रियल टूल्सची दुकानं आहेत तिथे हातात घेऊन बघता येतात, ऑनलाइन फोटोवरून कप्प्यांची खोली कळत नाही. दुसरा प्रकार, आणि रोजच्या बॅगेसाठी मला हाच आवडतो, कॅमेऱ्याची बॅग. आतले कप्पे वेल्क्रोचे असतात, हवे तसे हलवता येतात, सगळीकडे गादी असते, त्यामुळे ट्यूनिंग फोर्क (सूर देणारा चिमटा) आणि लिव्हर (तारांच्या पिना फिरवायचा पाना) यांना मार बसत नाही, आणि रेनकव्हर बहुतेकदा तळाला दिलेलं असतं.

घेताना चार गोष्टी दुकानातच बघा. ट्यूनिंग लिव्हर सोबत न्या आणि आत ठेवून बघा, लिव्हर ही बॅगेतली सगळ्यात लांब वस्तू, ती तिरकी घालून चेन जेमतेम लागत असेल तर ती बॅग नको, कारण रोज तिरकी घालताना हेड बाजूच्या कापडाला भोक पाडणार. चेन जाड दातांची पाहिजे, बारीक चेन पहिली मरते आणि बॅग तीन वर्षं चांगली असून फेकावी लागते. पट्टा तळापर्यंत शिवलेला पाहिजे, नुसता वरच्या कापडाला टाचलेला नको. आणि आतलं अस्तर फिक्या रंगाचं, हे कुणी बघत नाही पण फार महत्त्वाचं आहे, कारण रबरी म्यूट (बाकीच्या तारा गप्प करायच्या पाचरी, म्हणजे वेज) काळे, स्क्रू काळपट, आणि बॅग आतून काळी असली की पडद्यामागच्या अर्धवट उजेडात काहीही दिसत नाही. काळीच मिळाली तर आत पिवळं किंवा राखाडी फेल्ट चिकटवून घ्या.

आता आत काय लावायचं. रोजच्या बॅगेत सगळ्यात वर, हात घातला की लागेल अशा जागी, ट्यूनिंगचं सामान. लिव्हर, तिच्यावर दोन नंबरची टिप (पिनेवर बसणारं तोंड) लावलेली, बहुतेक पिनांना हीच चालते. जुन्या पियानोला बारीक पिन निघाली तर एक नंबर, आणि कुणी आधी सैल पिना काढून जाड बसवल्या असतील तर तीन नंबर, या दोन जादा टिपा एका छोट्या थैलीत, पाना सोबत. रबरी वेज पाच-सहा, त्यात एक-दोन बारीक कारण वरच्या सप्तकात जाड वेज घुसत नाही. अपराइटसाठी पॅप्स म्यूट, चिमट्यासारखा असतो तो, तारेवर आपटणाऱ्या हॅमरच्या मधून आत घालायचा. तारांमध्ये खोचायची फेल्टची लांब पट्टी गुंडाळून. ए ४४० चा (सेकंदाला ४४० कंपनांच्या सुराचा) फोर्क. ॲप वापरत असाल तरी फोर्क ठेवा, फोनची बॅटरी कधी दगा देईल आणि लाइट कधी जाईल सांगता येत नाही. त्याच कारणाने पॉवरबँक आणि डोक्याला लावायचा टॉर्च पण याच कप्प्यात. टॉर्च हातात धरायचा असेल तर तिसरा हात आणणार कुठून.

स्क्रूड्रायव्हरच्या बाबतीत वजन वाचवायची जुनी आणि चांगली पद्धत म्हणजे कॉम्बिनेशन हँडल. एक मूठ, आणि तिच्यात घालायची वेगवेगळी पाती, म्हणजे लांब स्क्रूड्रायव्हर, कॅपस्टनचा (पट्टीच्या मागच्या भागावरच्या स्क्रूचा) पाना, लेट-ऑफ (हॅमर तारेजवळ कुठे सुटतो ते ठरवणारं बटण) फिरवायचं, असं सगळं. सहा मुठींचं वजन वाचतं. फक्त पाती सुटी बॅगेत टाकू नका, त्यासाठी कापडी रोल शिवून घ्या. ऑनलाइन तयार रोल मिळतात पण त्यांचे खण पान्यांच्या मापाचे असतात, आपल्या बारीक पात्यांना ढिले पडतात. आपल्या बॅग शिवणाऱ्याकडे जाड कॅनव्हास आणि हत्यारं दोन्ही घेऊन जा, प्रत्येक हत्यार कापडावर ठेवून खडूने माप काढून द्या, आणि वरून झाकणारी पट्टी सांगायला विसरू नका, नाहीतर रोल उलटा झाला की सगळं खाली. रेक्झिन नको, उन्हाळ्यात चिकट होतं आणि घडीवर फाटतं.

पावसाळी पुरचुंडी

हा भाग जरा सविस्तर सांगतो कारण नाशकात जून ते सप्टेंबर निम्मे फोन याच तक्रारीचे येतात, पट्टी दाबली की खालीच राहते, वर येत नाही. लाकूड आणि फेल्ट ओल धरतात, फुगतात, आणि जिथे काही फिरायला पाहिजे तिथे ते आवळतं. यासाठी लागणारं सगळं एकाच छोट्या थैलीत ठेवायचं, म्हणजे पुढचं पॅनल काढल्यावर बॅग पुन्हा पुन्हा उपसावी लागत नाही.

आधी बघायचं काय ते. अडकलेल्या पट्टीचा हॅमर बोटाने पुढे ढकलून सोडा. तो रमतगमत मागे येत असेल तर फ्लेंजमधली (हॅमर ज्यावर फिरतो त्या लाकडी सांध्यातली) बारीक पिन आवळलीये. हॅमर झटकन मागे आला पण पट्टी खालीच बसली असेल तर पट्टीच्या बुशिंगचा (भोकातल्या फेल्टच्या अस्तराचा) दोष. बुशिंगसाठी एकच हत्यार, की-इझिंगची पक्कड, तिचे जबडे सपाट असतात, पट्टी उचलून बुशिंगच्या लाकडाला हलकं दाबायचं, हलकं म्हणजे खरंच हलकं, जास्त दाबलंत तर पट्टी खडखडायला लागेल आणि मग नवीन फेल्ट घालत बसा. साधी पक्कड यासाठी वापरू नका, तिचे दात लाकडावर उमटतात.

फ्लेंजचं काम जरा वेळखाऊ. लांब स्क्रूड्रायव्हरने फ्लेंज सोडवायची, पिन काढायच्या हत्याराने जुनी पिन बाहेर ढकलायची, बुशिंगमधून ब्रोच (भोक जरा मोठं करायची खरबरीत सळई) फिरवायचा, नवी पिन घालून हलवून बघायचं, मग जादा टोक कटरने लाकडाला अगदी लागून कापायचं. पाच वस्तू, याच क्रमाने रोलमध्ये डावीकडून उजवीकडे लावा. हाताला सवय झाली की नजर पियानोवरून हलवावी लागत नाही. या पिनांचे (सेंटर पिना म्हणतात त्यांना) नंबर १९ पासून २२ पर्यंत ठेवा, अर्धे धरून. २० नंबर म्हणजे १.२७ मिलिमीटर, आणि अर्ध्या नंबरचा फरक इंचाचा हजारावा भाग, म्हणजे डोळ्यांनी ओळखणं विसरा, एकदा मिसळल्या की मायक्रोमीटर घेऊन एकेक मोजत बसायचं. यासाठी सगळ्यात भारी डबी मेडिकलमध्ये मिळते, आजी-आजोबांची आठवड्याच्या गोळ्यांची. सात वारांचे सात खण, आणि १९, साडेएकोणीस असं करत २२ पर्यंत बरोबर सात नंबर होतात. वारावर कागद चिकटवून नंबर लिहा. झाकणं घट्ट लागतात का ते दुकानात हलवून बघा, कारण या पिना आतून पितळी असतात, पियानोच्या तळाला सांडल्या तर मॅग्नेट फिरवून फारसं काही हाती लागत नाही.

याच थैलीत एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारा) टाका. प्रत्येक घरचं रीडिंग डायरीत लिहून ठेवलं की एप्रिलमधला कोरडेपणा आणि ऑगस्टमधली ओल यातला फरक गिऱ्हाइकाला आकड्यात दाखवता येतो, आणि वर्षात दोनदा ट्यूनिंग का लागतं यावर वाद घालायची वेळ येत नाही.

बाकीच्या थैल्या

तारेची थैली मोठ्या बॅगेत, पण एवढं काही रोजच्या बॅगेतही असू द्या की एखादी साधी तार तुटली तर काम अडणार नाही. तारेचे अख्खे वेटोळे घेऊन फिरू नका, १३ पासून १८ नंबरपर्यंत प्रत्येकी चार-पाच मीटर कापून, गोल गुंडाळून, तेलकट कागदात आणि झिपच्या पिशवीत, वर नंबर मार्करने ठळक. १३ नंबर पाऊण मिलिमीटरच्या जरा वर आणि १८ नंबर एक मिलिमीटरच्या जरा वर, सगळा खेळ पाव मिलिमीटरचा आहे, म्हणून मायक्रोमीटर याच थैलीत. कटर चांगला जाड घ्या, पियानोची तार फार कडक असते, साध्या पकडीच्या धारेला खाच पडते आणि ती पक्कड मग कशाच्याच कामाची राहत नाही. कॉइल (पिनेवरचे तारेचे वेढे) वर ओढायचा हूक, आणि चष्मा. चष्मा म्हणजे डोळ्यांना लावायचा सेफ्टीवाला, एकेका तारेवर सत्तर किलोच्या आसपास ताण असतो, ती सुटली तर कुठे लागेल सांगता येत नाही. खर्जाच्या तांबं गुंडाळलेल्या तारा सोबत ठेवून उपयोग नाही, प्रत्येक पियानोच्या वेगळ्या. पिनेजवळ तुटली असेल तर नवीन तुकडा गाठ मारून जोडता येतो, नाहीतर जुनी तार नमुना म्हणून पाठवून बनवून घ्यावी लागते. त्यासाठी दोन-तीन जाड पाकिटं थैलीत ठेवा, तुटलेली तार त्यात, वर पियानोचं नाव आणि पट्टीचा नंबर. हे तिथल्या तिथे लिहायचं, घरी येऊन नाही.

रेग्युलेशनचा रोल मोठ्या बॅगेत, त्यात पंधरा सेंटिमीटरची स्टीलची मोजपट्टी विसरू नका, पियानोची पट्टी दहा मिलिमीटर खाली जाते की नाही हे बोटाने सांगणारे खूप भेटतात. हार्मोनियमची कामं पण घेत असाल, आणि नाशकात भजनी मंडळांमुळे ती घ्यावीच लागतात, तर रीड खरवडायचं वगैरे सामान पूर्ण वेगळ्या थैलीत, पियानोच्या दिवशी घरी.

ओल्या वस्तूंचं बघा आता. लाकडाचा डिंक, फेव्हिक्विकसारखं सुपरग्लू, फ्लेंजसाठीचं लुब्रिकंट, या तिन्ही बाटल्या झिपच्या पिशवीत, उभ्या, बाहेरच्या खिशात, फेल्टच्या आसपास कुठेही नाही. सुपरग्लू मे महिन्यात स्कूटरच्या डिक्कीत ठेवलंत तर संध्याकाळी दगड मिळेल. रबरी वेज पण तिथे चिकट होतात. डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा स्प्रे) घरच्या कपाटात राहू दे, गिऱ्हाईक कौतुकाने विचारतं की हे मारलं तर चालेल का, नाही चालत, पिनांच्या लाकडात किंवा फ्लेंजच्या फेल्टमध्ये एकदा शिरलं की ते काम निस्तरणं फार महाग पडतं. बॅगेतच नसेल तर मोह पण होत नाही.

फोम कापायचा का? मोठ्या बॅगेत जरूर. दुरंगी ईव्हीए फोम मिळतो, वरचा थर काळा, खालचा पिवळा किंवा लाल. हत्यार वर ठेवून पेनने बाहेरची रेघ मारायची, कटरने फक्त वरचा थर कापायचा, आणि प्रत्येक खाचेला बोट घालायला अर्धगोल जागा ठेवायची, नाहीतर हत्यार आत रुतून बसतं. याचा खरा फायदा दिसण्यात नाही. हत्यार जागेवर नसलं की पिवळा आकार ओरडून सांगतो. ग्रँड पियानोच्या (आडव्या तारांच्या मोठ्या पियानोच्या) आत राहिलेला छोटा स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या दिवशी तारांवर खणखणला की गिऱ्हाईक फोन करतं, आणि तो फोन सिन्नरहून आला तर अख्खा दिवस गेला. म्हणून एक नियम करा, पॅनल किंवा झाकण परत लावायच्या आधी बॅग बघायची. निघताना नाही, निघताना पियानो बंद झालेला असतो.

काढलेले स्क्रू कुठे जातात हा पण बॅगेचाच भाग. मॅग्नेटची वाटी घ्या, गॅरेजवाले वापरतात ती, आणि पॅनलचे, फ्लेंजचे, की-ब्लॉकचे (पट्ट्यांच्या दोन्ही टोकांच्या लाकडी ठोकळ्यांचे) स्क्रू एकत्र करू नका, तीन वाट्या नसतील तर कागदाच्या पुड्या करा आणि वर लिहा.

घरात गेल्यावर बॅग पियानोवर ठेवायची नाही, सोफ्यावर तर नाहीच. पावसात आपण चपला दाराबाहेर काढतो आणि बॅग तशीच आत नेतो, तिचा तळ पुसायला एक फडकं बाहेरच्या खिशात ठेवा. जमिनीवर जुनी चादर किंवा योगा मॅटचा तुकडा अंथरून त्यावर बॅग उघडायची, लिव्हर ज्या हाताने धरता त्याच बाजूला. कंबर दुखत असेल तर घडीचं छोटं स्टूल ठेवून त्यावर बॅग, मी तर सगळ्यांनाच सांगतो, अपराइटला दीड-दोन तास वाकून वेज उचलणं काही सोपं नसतं. घरात लहान मूल असेल तर ब्रोच आणि कटर खिशात, बॅगेत उघडे ठेवू नका.

गंजाचं काय करायचं ते शेवटी, पण हे पावसाळ्यात दर आठवड्याला करायचं आहे. बॅग घरी आली की चेन उघडी ठेवून पंख्याखाली, बंद करून कोपऱ्यात ढकलायची नाही. स्टीलची हत्यारं कोरड्या फडक्याने पुसून मशीन ऑइलचा अगदी पातळ हात, आणि कामाला जाण्याआधी तो पुसून टाकायचा, तेलाचा हात फेल्टला लागता कामा नये. प्रत्येक मोठ्या कप्प्यात सिलिका जेलची पुडी, रंग बदलणाऱ्या दाण्यांची घ्या म्हणजे कधी भरली ते कळतं. दाणे गरम करून परत वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नाही, निळे दाणे तर अजिबात नाही, त्यासाठी भंगारातला एखादा तवा वेगळा ठेवा. तारांच्या पिशवीत पण एक पुडी.

झाकणाच्या आतल्या जाळीत एक कार्ड ठेवा, काय संपत आलंय ते त्यावर जागच्या जागी लिहायचं. साडेवीस नंबरच्या पिना, १६ नंबरची तार, दोन वेज, असं. मग कुणी ओळखीचं पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला निघालं की कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपला टाकायचा. स्वतः ओझरहून विमानाने कुठे कामाला जात असाल तर सगळी हत्यारं चेक-इन सामानात, फोर्क आणि लिव्हरसकट, सिक्युरिटीवाल्यांना लिव्हर काय असते ते समजावता समजावता फ्लाइट निघून जाईल.

बॅगेवर नाव आणि नंबर आतून आणि बाहेरून दोन्हीकडे लिहा, बाहेरचं पावसात पुसलं जातं.